दगडावरची नावं : मुंबईतल्या स्मारकांची एक पायी सफर

मुंबईला जायचं म्हटलं की आपल्या घरांतला बेत बहुतेक ठरलेला असतो. कुणी हाजी अलीला जातं, कुणी माहीमला मखदूम शाहबाबांच्या दर्ग्यावर. मग क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड, लग्नाचे कपडे, मुलांची खेळणी, आणि वेळ उरलाच तर गेटवे ऑफ इंडियासमोर एक फोटो. संध्याकाळपर्यंत पिशव्या भरतात आणि पाय दुखायला लागतात. खरेदीच्या याच वाटांवर काही स्मारकं उभी आहेत. कुठे दगड, कुठे पुतळा, कुठे भिंतीवरचा फलक. त्या प्रत्येकामागे माणसांची नावं आहेत, आणि त्यात आपल्या गावांतल्या, आपल्या मोहल्ल्यांतल्या नावांसारखीही नावं आहेत. रोज लाखो लोक त्यांच्याजवळून जातात. थांबणारे फार थोडे.

या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही फक्त थांबण्यासाठी निघालो. पाच घरांतली मिळून एकोणीस माणसं. त्यात दोन दादी, शाळेत जाणारी सात मुलं, कॉलेजात शिकणारे तिघे, आणि गुडघ्याला पट्टा बांधून आलेले आमचे एक चाचा. वाट दाखवायला इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक शिक्षक होते. मुलं त्यांना सर म्हणत होती, म्हणून आम्हीही सरच म्हणू. सरांनी निघण्याआधी दोनच अटी घातल्या. प्रत्येक ठिकाणी आधी वाचायचं, फोटो नंतर. आणि प्रत्येक ठिकाणाहून किमान एक नाव पाठ करून पुढे जायचं.

रस्ता मस्जिद बंदरपासून कुलाब्यापर्यंतचा. अंतर साडेचार-पाच किलोमीटर. रमतगमत, नाश्ता-पाणी करत गेलो तर जोहरपर्यंत पूर्ण होतं.

समुद्रात राहिलेली माणसं

पहिला मुक्काम मस्जिद रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला, गोदीच्या बाजूला. इथे इंडियन सेलर्स होम ही इमारत आहे. ती १९३१ मध्ये पुरी झाली. बोट लागली की खलाशांना उतरायला, पुढची नोकरी मिळेपर्यंत राहायला जागा हवी, म्हणून ती बांधली गेली. आत जायला आम्ही आधीच परवानगी काढली होती.

या इमारतीत पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. १९१४ ते १९१८ या काळात समुद्रात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावं इथे कोरलेली आहेत. या माणसांना कुठेच कबर नाही. जहाजाला पाणतीर लागला, जहाज बुडालं, आणि माणसं समुद्रातच राहिली. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांसाठी इथे नावांचं एक मोठं पुस्तक आहे. त्यात नौदलातल्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे.

सरांनी मुलांना त्या काळच्या जहाजाची रचना समजावून सांगितली. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या आगबोटींवर कामाची वाटणी जवळजवळ गावांनुसार झालेली असे. डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे. त्यात कोकणी मुसलमान पुष्कळ. खाली भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले बहुधा पंजाबी आणि पठाण. खानपानाकडे गोव्याचे ख्रिस्ती. डेकवरच्या टोळीचा मुख्य म्हणजे सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल. सारंग आपल्या गावातली, नात्यातली पोरं भरती करायचा. म्हणून एक जहाज बुडालं की एकाच गावात, कधी एकाच आळीत, चार-पाच घरांवर दुःख कोसळायचं.

ही माणसं सैनिक नव्हती. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. ती पगारावर गेली होती, आणि तो पगारही गोऱ्या खलाशांच्या मानाने फार थोडा असे. युद्ध त्यांचं नव्हतं, पण पाणतीर तिथेही पोहोचला.

आमच्यातल्या एका खालांचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांच्या दादीचा एक भाऊ ‘बोटीवर गेला’ आणि परत आला नाही, एवढंच त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. कोणती बोट, कोणतं साल, काही नाही. घरात त्याचं नाव इब्राहीम असं सांगत. खालांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत नावं वाचायला सुरुवात केली. इब्राहीम एक नव्हता. अहमद, हसन, इस्माईल, इब्राहीम ही नावं पुन्हा पुन्हा येत होती. आपला इब्राहीम कोणता, किंवा तो इथे आहे तरी का, हे कसं ओळखणार? बराच वेळ त्या तिथे उभ्या राहिल्या. मग मागे वळून त्यांनी आपल्या नातवाला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “सगळीच नावं वाच रे. ज्याचं कुणी आलं नाही त्याचंही वाच.”

बुडून मरण पावणारा ईमानवाला शहीदांच्या दर्जाचा, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत, आणि शाफई मजहबात गैरहजर मय्यतीची नमाज पढता येते. किनाऱ्यावरच्या गावांना ही सवलत किती मोठा दिलासा देत असेल, हे त्या फलकांसमोर उभं राहिल्यावर कळतं. मय्यत घरी येणार नाही, कफन देता येणार नाही, मूठभर माती टाकता येणार नाही. उरतं ते नाव आणि दुआ. आम्ही तिथे हात उचलून दुआ केली आणि बाहेर पडलो.

स्टेशनातला फलक

पी. डिमेलो रोडने चालत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला यायला वीसेक मिनिटं लागतात. चाचांचा गुडघा धरून आम्हाला पाऊण तास लागला, मध्ये चहा झाला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या स्टेशनात दोन अतिरेक्यांनी गोळीबार केला. गावाकडे जायच्या गाडीची वाट बघत, सामानावर डोकं टेकून बसलेली माणसं होती ती. इथे पन्नासहून अधिक जण मेले. त्या तीन दिवसांत मुंबईत एकूण १६६ निरपराध माणसांचा जीव गेला. स्टेशनात त्यांच्या स्मरणार्थ फलक आहे. त्या नावांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत. गोळी झाडणाऱ्यांनी नाव विचारलं नव्हतं.

इथे सरांनी मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण ती कोणत्याही फलकावर नाही. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना दफन करण्याचा प्रश्न आला तेव्हा मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाच्या ट्रस्टने जागा द्यायला नकार दिला. बेगुनाहांचं रक्त सांडणाऱ्यांना आमच्या कब्रस्तानात जागा नाही, अशी भूमिका घेतली. बेवारस मय्यतीलाही माती देणं हे आपण सवाबाचं काम मानतो. तरीही एखाद्या जमातीने नकार द्यावा, याचा अर्थ मोठा आहे. हा नकार कुणाच्या दबावाखाली दिलेला नव्हता. ती या शहरातल्या मुसलमानांनी स्वतः ओढलेली रेषा होती.

तोफेच्या तोंडी

स्टेशनातून भुयारी मार्गाने रस्ता ओलांडला की आझाद मैदान. मैदानाच्या कडेला, रहदारीच्या गोंगाटात, अमर जवान ज्योती स्मारक आहे. आमच्या सफरीतलं हे सगळ्यात छोटं ठिकाण, आणि सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथेच थांबलो.

१८५७ चं बंड म्हटलं की मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी ही नावं येतात. मुंबईचं नाव सहसा येत नाही. पण मुंबईतल्या देशी पलटणींतही खळबळ सुरू होती. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होत. त्या वेळचा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याला सुगावा लागला. तो या देशातच वाढलेला, इथल्या भाषा सफाईने बोलणारा, वेषांतरात पटाईत. त्याने भिंतीआडून शिपायांचं बोलणं ऐकलं आणि त्यांच्या लष्करी अधिकाऱ्यांनाही आणून ऐकवलं. दिवाळीत उठाव करायचा, असा बेत होता. तो फुटला. लष्करी न्यायालय बसलं.

१५ ऑक्टोबर १८५७ रोजी, दिवाळी तोंडावर असताना, दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर आणलं गेलं. आजचं आझाद मैदान त्याच एस्प्लनेडचा भाग. एकाचं नाव सय्यद हुसेन, मरीन बटालियनमधला ड्रिल हवालदार. दुसऱ्याचं नाव मंगल गडिया, १० व्या देशी पलटणीचा शिपाई. बाकीच्या देशी शिपायांना समोर उभं करण्यात आलं, म्हणजे त्यांनी ते बघावं. दोघांना तोफांच्या तोंडी बांधलं आणि तोफा डागल्या. इतर काहींना काळ्या पाण्याची सजा झाली.

दोघांना कबर मिळाली नाही, चिता मिळाली नाही. दफन किंवा दहन करायला काही शिल्लकच राहू नये, हाही त्या शिक्षेचा हेतू असे. दोन धर्मांच्या दोन माणसांची माती एकाच मैदानात मिसळली. त्यांच्या स्मरणार्थ हे स्मारक आहे.

आता पुढचं. हे लिहिणं सोपं नाही, पण मुलांपुढे सरांनी ते टाळलं नाही, म्हणून आम्हीही टाळत नाही. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानात एक निदर्शन झालं. महिना रमजानचा होता. आसाममध्ये आणि म्यानमारमध्ये मुसलमानांवर झालेल्या हिंसेचा निषेध, हा विषय होता. निषेध करण्यात काहीच गैर नव्हतं. हजारो लोक शांतपणे आले होते. पण जमावातल्या काहींनी दगडफेक केली, गाड्या जाळल्या, महिला पोलिसांशी गैरवर्तन केलं. दोन माणसांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. आणि त्या गोंधळात काही तरुणांनी या स्मारकाची तोडफोड केली. ती छायाचित्रं देशभर छापली गेली. त्यानंतर किती दिवस कचेरीत, लोकलमध्ये, शाळेच्या फाटकाशी आपल्या माणसांना मान खाली घालून वावरावं लागलं, हे वाचकांना सांगायला नको.

आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाने सरांना विचारलं, “सर, त्या पोरांना माहीत असतं, की हे स्मारक सय्यद हुसेनचं आहे, तर त्यांनी हात लावला असता का?”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझा प्रश्न अर्धा आहे, बेटा. समजा इथे फक्त मंगल गडियाचं नाव असतं, तर हात लावणं चाललं असतं का?”

मुलगा काही बोलला नाही. आम्ही मोठीही बोललो नाही. पण दिवसभर तो प्रश्न आमच्याबरोबर चालत होता.

आम्हाला वाटतं, दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिला अज्ञानाचा आहे. शाळेच्या पुस्तकात मुंबईचे हे दोन शिपाई सहसा भेटत नाहीत. घरात कुणी सांगत नाही. जुम्म्याच्या बयानात यांचा विषय क्वचितच निघत असेल. मग रस्त्याच्या कडेचा तो दगड ‘सरकारचा’ होतो, ‘त्यांचा’ होतो, आणि राग आला की पहिला तडाखा त्यालाच बसतो. जे नाव घरात घेतलं जातं, त्याच्यावर हात उचलत नाही. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. आपलं नाव सापडलं तरच स्मारकाची इज्जत करायची, हेही बरोबर नाही. सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना एकाच सकाळी, एकाच मैदानात, एकाच गुन्ह्यासाठी मारलं गेलं. मारणाऱ्यांनी त्यांना वेगळं केलं नाही. आपण कोण वेगळं करणारे?

निघताना सगळ्यांत छोट्या मुलीने दोन्ही नावं मोठ्याने म्हणून दाखवली. सरांची अट तिने एकाऐवजी दोन नावांनी पुरी केली.

चौकातली यादी

आझाद मैदानाकडून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ गेलं की हुतात्मा चौक. कमानींखालून चालायचं, त्यामुळे दादींना ऊन लागलं नाही. चौकात १८६४ चं जुनं फ्लोरा फाउंटन आहे, आणि त्याच्या शेजारी हुतात्मा स्मारक. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार.

इथे आमच्या चाचांनी एक शंका काढली. आपल्यापैकी अनेकांच्या मनात ती असते, बोलत कुणी नाही. “पुतळ्यासमोर असं उभं राहणं आपल्याला चालतं का?” यावर आमच्यातच थोडी चर्चा झाली. फुलं वाहायची नाहीत, झुकायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. शेवटी चाचांनीच निकाल दिला. “आपण पुतळ्याला भेटायला आलोच नाही. मेलेल्या माणसांची नावं वाचायला आलो. कब्रस्तानात गेलं की मौत आठवते, आखिरत आठवते. इथेही तेच आठवायचं.” मग त्यांनी गुडघा धरून कठड्यावर बैठक मारली आणि म्हणाले, “हां, वाचा आता.”

सरांनी पिशवीतून हुतात्म्यांची छापील यादी काढली आणि मुलांना एकेक पान वाटलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं मेली. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य व्हावं आणि मुंबई त्या राज्यात असावी, एवढी ती मागणी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात निदर्शकांवर गोळीबार झाला आणि १५ जण मेले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईत आणि बाहेर बळींची संख्या वाढत गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

मुलं नावं वाचू लागली. सीताराम पवार. जोसेफ पेजारकर. पी. एस. जॉन. बालप्पा कामाठी. महमद अली. एडविन आमब्रोझ साळवी. सय्यद कासम. मुनशी वझीर अली. हॉरमसजी करसेटजी. वाचता वाचता त्यांच्याच लक्षात आलं की या यादीत मराठी आडनावं तर आहेतच, पण पारशी आहे, ख्रिस्ती आहेत, शीख वाटावं असं वेदीसिंग आहे, दक्षिणेकडची नावं आहेत. गिरणीत, गोदीत, फुटपाथवर राबणारं शहर एका कागदावर उतरलं होतं.

आपल्या घरांतली बोली काहीही असो, कोकणी, दखनी, उर्दू किंवा शुद्ध मराठी, आपण हे मासिक मराठीतून वाचतो. मराठी ही आपलीही जबान आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे नुसती सोय नाही. त्या भाषेच्या राज्यासाठी महमद अली, सय्यद कासम आणि वझीर अली मेले आहेत. आणि त्या लढ्याचा आवाज कुणाचा होता? बार्शीत जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल या गिरणी कामगाराचा. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं भरून जात.

यादीतली नावं वाचून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, मुसलमानांच्या नावांखाली मी रेघ मारली. वर्गात दाखवीन. कुणी काही बोललं तर.”

तिला शाळेत काय ऐकून घ्यावं लागतं, हे तिच्या अम्मीला माहीत आहे आणि आम्हालाही. म्हणून सरांनी तिला रागावलं नाही. एवढंच म्हणाले, “दाखव. पण यादी पुरी दाखव. पुरावा म्हणून तीन नावं दाखवशील तर ऐकणारा म्हणेल, बस, तीनच? पुरी यादी दाखवशील तर तो स्वतःचंही नाव त्यात शोधायला लागेल.”

तलवारवरचा संप

काळा घोडा, रीगल असं करत कुलाब्याला पोहोचलो तेव्हा मुलं दमली होती. शेवटचं ठिकाण नौदलाच्या उठावाचं स्मारक. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. २००१ मध्ये ते उभं राहिलं.

१८ फेब्रुवारी १९४६. याच कुलाब्यात ‘तलवार’ नावाचं नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे संदेशवहन शिकवलं जाई. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ, यांना कंटाळून तिथल्या नाविकांनी कामावर बहिष्कार टाकला. एक-दोन दिवसांत ही आग मुंबईच्या बंदरातल्या जहाजांवर आणि पुढे कराचीपर्यंत पसरली. हजारो नाविक त्यात उतरले. त्यांनी आपली मध्यवर्ती संप समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. दोघेही कोवळ्या वयाचे. जहाजांच्या डोलकाठीवरून इंग्रजांचा झेंडा उतरला आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले.

तो काळ आठवावा. १९४६ चा फेब्रुवारी. राजकारणात दोन्ही बाजू एकमेकांपासून दूर चालल्या होत्या, आणि फाळणीला दीड वर्ष उरलं होतं. अशा वेळी या पोरांनी खान आणि सिंग यांना एकत्र निवडलं. शहराने त्यांना साथ दिली. लोकांनी नाविकांना गेटवेपाशी जेवणाचे डबे नेऊन दिले. गिरण्या बंद पडल्या. भेंडी बाजार, डोंगरी, परळ या भागांत लोक रस्त्यावर आले आणि लष्कराने गोळ्या झाडल्या. परळला कमल दोंदे या कार्यकर्तीचा जीव गेला. दोनशेहून अधिक माणसं त्या काही दिवसांत मेली, त्यातली बहुतेक साधी, नाक्यावरची, चाळीतली. मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं, आणि २३ फेब्रुवारीला संप मागे घेतला गेला. अनेकांची नोकरी गेली, अनेकांना कैद झाली. स्वातंत्र्य आल्यावरही त्यांच्यातल्या बहुतेकांना नौदलात परत घेतलं गेलं नाही.

आमच्या सफरीची सुरुवात समुद्रात बुडालेल्या खलाशांपासून झाली होती, आणि शेवट दुसऱ्या नाविकांपाशी झाला. पहिले साहेबाच्या जहाजावर गुमान राबून मेले. त्यांच्यानंतरच्या पिढीने साहेबाचा झेंडा उतरवला. मधलं अंतर तीसेक वर्षांचं, आणि मस्जिद बंदर ते कुलाबा एवढं.

जवळच्या मशिदीत जोहर पढून आम्ही डबे उघडले. चपाती, खिमा, उकडलेली अंडी. जेवताना सरांनी उजळणी घेतली. एकोणीस जणांनी मिळून एकतीस नावं सांगितली. चाचांनी दोन सांगितली, दोन्ही बरोबर.

आपल्या गावात हे कसं करता येईल

मुंबईला यायलाच पाहिजे असं नाही. सोलापूरला चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुण्यात आगाखान पॅलेस आहे, तिथे कस्तुरबा गांधी आणि महादेवभाई देसाई यांनी कैदेत अखेरचा श्वास घेतला. मुंबईतच दुसरा दिवस काढता आला तर गोवालिया टँकवरचं ऑगस्ट क्रांती मैदान पाहावं. ८ ऑगस्ट १९४२ ला तिथल्या अधिवेशनाचे अध्यक्ष मौलाना आझाद होते, आणि ‘क्विट इंडिया’ ही घोषणा सुचवणारे युसूफ मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. तुमच्या तालुक्याच्या गावीही कचेरीसमोर, शाळेच्या आवारात किंवा एस. टी. स्टँडजवळ एखादा स्तंभ असेल. सुरुवात तिथूनच करावी.

काही साध्या सूचना. फजरनंतर लवकर निघावं, रहदारी कमी असते. एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त ठिकाणं धरू नयेत, मुलं कंटाळतात आणि म्हातारी माणसं थकतात. इमारतीच्या आत असलेलं स्मारक पाहायचं असेल तर आधी विचारून परवानगी घ्यावी. सोबत पाणी आणि एक वही ठेवावी. वहीत नाव, तारीख, ठिकाण मुलांनीच लिहावं. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावं. मुलं फलक वाचतात, पण फलकावर नसलेलं दादा-दादींकडेच असतं. बोटीवर गेलेला भाऊ, गिरणीच्या संपात तुरुंगात गेलेले मामू, गोळीबाराच्या दिवशी बंद असलेली गल्ली. ही माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्यायला हवं.

आमच्यातल्या त्या खालांनी परत आल्यावर गावी फोन लावला आणि इब्राहीमच्या वडिलांचं नाव विचारलं. चुलत घराण्यातल्या एका म्हाताऱ्या फुफींना ते ठाऊक होतं. आता वहीत त्या नावापुढे आणखी एक नाव आहे. पुढच्या खेपेला सेलर्स होममध्ये गेल्यावर, इन्शाअल्लाह, शोध थोडा सोपा होईल. आणि तो इब्राहीम सापडला नाही, तरी त्या फलकांवरची बाकीची नावं वाचायला कुणीतरी आलेलं असेल.